न गळणारी टाकी : फ्लशच्या सायफनचा इतिहास

शौचकुपाच्या टाकीतून भांड्यात अखंड पाझरणारे पाणी हा आज किरकोळ नळदुरुस्तीचा विषय मानला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये हाच विषय पाणीपुरवठ्याच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आला होता, आणि त्यावर निघालेला तोडगा सव्वाशेहून अधिक वर्षे कायद्याच्या आधाराने टिकून राहिला. हा तोडगा केवळ गळती कमी करणारा नव्हता, तर टाकीच्या तळाशी गळण्याजोगी जागाच न ठेवणारा होता, म्हणून त्याचा इतिहास तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकुपाची सुरुवातीची सर्व रूपे झडपेवर अवलंबून होती. सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ साली वर्णन केलेल्या यंत्रात, घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांच्या १७७५ च्या पेटंटमध्ये आणि जोसेफ ब्रामा यांच्या १७७८ च्या सुधारित रचनेत पाणी अडवण्याचे काम झडपेकडेच होते. झडप म्हणजे छिद्रावर घट्ट बसणारे झाकण. ते चामड्याचे असो वा धातूचे, त्याची कड झिजली किंवा कडेखाली वाळूचा एखादा कण अडकला, की पाणी झिरपू लागते. कमिंग यांचे चिरस्थायी योगदान झडपेचे नसून भांड्याखालच्या वाकड्या नळीचे आहे. त्या नळीत थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी वर येत नाही.

लंडनमधील खासगी पाणी कंपन्या दिवसातून ठरावीक काळच पाणी सोडत, तोवर या झिरपण्याला एक नैसर्गिक मर्यादा होती, कारण घरातील हौद रिकामा झाला की गळतीही थांबत असे. पुढे अग्निशमनासाठी आणि पटकीसारख्या साथींच्या भीतीमुळे अखंड पुरवठ्याची मागणी वाढली. टॉमस हॉक्स्ली यांनी १८३० च्या दशकात नॉटिंगहॅममध्ये असा पुरवठा शक्य असल्याचे दाखवून दिले होते; मात्र नळात चोवीस तास दाब राहिला तर प्रत्येक घरातील सदोष झडप चोवीस तास वाहत राहील, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नव्हता. शिवाय भांडे स्वच्छ राहावे म्हणून काही घरांत शौचकुपाची मूठ उघडीच अडकवून ठेवली जाई.

ही गळती शोधण्याचे शास्त्र लिव्हरपूलमध्ये आकाराला आले. तेथील अभियंता जॉर्ज डेकन यांनी १८७३ मध्ये वस्तीच्या मुख्य नळावर बसवायचे एक मापक तयार केले, ज्यात पाण्याचा वेग कागदावर सलग रेषेने उमटत असे. मध्यरात्रीनंतर माणसांचा वापर जवळजवळ थांबतो, त्यामुळे त्या वेळी रेषा शून्याजवळ न येता वरच राहिली, तर तेवढे पाणी वाया जात आहे असा अर्थ निघे. मग निरीक्षक रस्त्यावर उतरून प्रत्येक घराच्या बाहेरील तोटीवर लोखंडी चावी टेकवत, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकत आणि तोटी बंद केल्यावर मापकावर किती फरक पडला हे नोंदवून ठेवत. घरमालकाला ऐकू न येणारी गळती अशा रीतीने प्रशासनाला ऐकू येऊ लागली.

लंडनपुरता निर्णय १८७१ च्या महानगर पाणी कायद्याने आणि त्यानुसार पुढच्या वर्षी लागू झालेल्या नियमांनी झाला. प्रत्येक शौचकुपाला अपव्यय रोखणारी स्वतंत्र टाकी असावी आणि तिने एका वेळी दोन गॅलनांहून, म्हणजे सुमारे ९ लिटरांहून, अधिक पाणी सोडू नये, असे बंधन आले. एवढ्या पाण्यात भांडे व नळी नीट धुतली जात नाहीत, अशी तक्रार एस. स्टीव्हन्स हेलियर यांच्यासारख्या नामवंत नळकारागिरांनी आग्रहाने मांडली, आणि आरोग्याच्या दृष्टीने ती रास्त होती. पण पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांची बाजू वरचढ ठरली.

या नियमांना उत्तर म्हणून रूढ झालेल्या टाकीत झडप नव्हती, सायफन होता. भरलेली नळी उंचीवरून वळवून खाली सोडली, तर बाहेर पडणारे पाणी मागच्या पाण्याला आपल्यासोबत ओढून नेते, या तत्त्वाला सायफन म्हणतात. ओतीव लोखंडाच्या उंच टाकीत तळातून एक नळी वर येई आणि तिचे उघडे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राही. त्या नळीवर एक जड लोखंडी घंटा पालथी ठेवलेली असे. साखळी ओढली की घंटा उचलली जाई आणि सोडली की आपल्या वजनाने खाली येऊन आतले पाणी नळीच्या काठावरून पलीकडे ढकली. एकदा ही धार सुरू झाली, की घंटेच्या कडेखालून हवा शिरेपर्यंत सारी टाकी रिकामी होई. पाणी अडवायला नळीच्या भिंतीखेरीज काहीच नसल्याने झिजणारे वॉशर नव्हते आणि कण अडकायला फटही नव्हती. टॉमस क्रॅपर यांच्या नावाशी जोडली जाणारी ‘झडपविरहित’ टाकी याच जातीची होती. फ्लशचा शोध त्यांनी लावला ही समजूत चुकीची आहे. त्या टाकीचे १८९८ चे पेटंटही अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावावर होते.

टाकी भरणाऱ्या बॉल कॉकला, म्हणजे तरंगत्या गोळ्याने बंद होणाऱ्या तोटीला, मात्र वॉशर होतेच आणि ते बिघडल्यास पाण्याची पातळी चढत असे. यासाठी ब्रिटिश पद्धतीत पातळीच्या किंचित वर एक इशारा-नळी बसवून तिचे तोंड घराच्या बाहेरच्या भिंतीतून काढत. बॉल कॉक गळू लागला, की भिंतीवरून पाणी ठिबके आणि ते रहिवाशाला, शेजाऱ्याला व निरीक्षकालाही दिसे. सायफनचा स्वतःचा बिघाडही असाच उघड असतो, कारण दांडा ओढून चालणाऱ्या नंतरच्या सायफनमधील पातळ पडदा फाटला तर पाणी गळत नाही, फ्लशच होत नाही, आणि दुरुस्ती टाळता येत नाही. या पद्धतीचे खरे शहाणपण येथे आहे : दोष उद्भवणारच हे गृहीत धरून तो लपून राहणार नाही अशी व्यवस्था तिने केली.

हीच लोखंडी टाकी वसाहतकाळात मुंबईत आली. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या जलाशयांनी शहराला नळाचे पाणी दिले, तरी अनेक वस्त्यांत मैला हाताने उचलून नेण्याचे काम हलालखोर कामगारांवर लादलेलेच राहिले. म्हणून साखळीच्या टाकीचे आगमन येथे केवळ सोयीचे नव्हते, माणसाच्या प्रतिष्ठेशी त्याचा थेट संबंध होता. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत छताजवळ बसवलेल्या या टाक्या दीर्घकाळ टिकल्या आणि घंटेची ही रचना स्वातंत्र्योत्तर काळात आयएस ७७४ या भारतीय मानकातही समाविष्ट झाली.

ब्रिटनमधील बंधन १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांनी सैल केले. १ जानेवारी २००१ पासून नव्या टाकीची मर्यादा ६ लिटर झाली आणि त्याच वेळी, युरोपात प्रचलित असलेल्या, तळाच्या झडपेला परवानगी मिळाली. झडप एकदम उघडते, त्यामुळे कमी पाण्यालाही जोर येतो, आणि ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅरोमा कंपनीसाठी विकसित केलेली दुहेरी बटणाची सोय तिच्यासह सहज देता येते. इशारा-नळीऐवजी वाढलेले पाणी टाकीतूनच भांड्यात सोडणेही मान्य झाले. या दोन बदलांचा एकत्रित परिणाम गंभीर ठरला, कारण झडपेची गळती आणि बॉल कॉकची गळती, दोन्ही आता भांड्याच्या मागच्या भिंतीवरून निःशब्द उतरू लागल्या. ‘वॉटरवाइज’ या ब्रिटिश संस्थेच्या अंदाजानुसार तेथील शौचकुपांतून दररोज सुमारे ४० कोटी लिटर पाणी असे वाया जाते. बचतीसाठी आणलेल्या साधनाने बचतच गिळावी, ही धोरणाची मोठी चूक होती.

अशा टाकीच्या दुरुस्तीत आजही पहिले काम गळती दृश्य करण्याचे असते. टाकीत रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबतात. भांड्यात रंग उतरला तर तळाची झडप दोषी असू शकते, मात्र पाणी वाढलेले पाणी भांड्यात सोडणाऱ्या मधल्या नळीच्या काठापर्यंत चढलेले असेल तर दोष बॉल कॉकचा असतो. पहिल्या प्रकारात टाकीला पाणी देणारी तोटी बंद करून टाकी रिकामी करतात, झडप काढून तिच्या बैठकीवरचा क्षार व गाळ पुसतात आणि रबरी चकती बदलतात. दुसऱ्यात बॉल कॉकचे वॉशर बदलतात किंवा गोळ्याची उंची उतरवतात. ब्रिटनमध्ये सायफनचे उत्पादन मात्र थांबलेले नाही. लहान फ्लशला जुळणारे, दुहेरी मापाचे सायफनही तेथे तयार होतात.