दप्तराबाहेरचे निर्वासित

फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण पडत नाही. १९५१ च्या जनगणनेत दिल्ली राज्याची लोकसंख्या सुमारे साडेसतरा लक्ष भरली. त्यांपैकी जवळजवळ पाच लक्ष माणसे पाकिस्तानातून आलेली होती. किंग्सवे कॅम्प, मागाहून वसलेली राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर. १९५० चा मालमत्तेच्या दाव्यांचा कायदा आणि १९५४ चा नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा, हे सारे सरकारी दप्तरी नमूद आहे. त्या पहिल्या वर्षांत केंद्राचे बांधकाम खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते, याचे आपणा मराठी माणसांस विशेष वाटते. इतक्या अल्प अवधीत इतक्या कुटुंबांना छप्पर देणे हे सामान्य कार्य नव्हते. तथापि दप्तर गेलेल्या घराची किंमत सांगते. घर गेल्यावर माणसांचे काय होते, ते सांगत नाही. त्यासाठी कथा-कादंबऱ्यांकडेच वळावे लागते.

पळवून नेलेल्या स्त्रियांना परत मिळवण्याचा कायदा १९४९ साली झाला. सापडलेल्या स्त्रीने अहवालातला आकडा एकाने वाढतो आणि तेथे प्रकरण मिटते. यशपालांची ‘झूठा सच’ ही हिंदी कादंबरी (दोन भाग, १९५८ व १९६०) तेथून पुढे जाते. तीतील बंती शोधीत शोधीत आपल्या माणसांच्या दाराशी पोहोचते. घरचे तिला आत घेत नाहीत, आणि उंबऱ्यावर डोके आपटून ती प्राण सोडते. कायद्याचा हात उंबऱ्यापर्यंतच पोहोचत होता.

मोहन राकेशांची ‘परमात्मा का कुत्ता’ ही कथा तर थेट आपल्या टेबलापाशी येते. जमीन म्हणून ज्याच्या वाट्याला खड्डा आला असा एक निर्वासित कचेरीच्या आवारात ठाण मांडतो, आपले नाव म्हणून फायलीचा क्रमांक सांगतो आणि भुंकण्याची भाषा बोलतो. वाचताना हसू येते. पण इतका काळ अडलेले काम साहेबाने मनावर घेताच झटक्यात होते, तेव्हा ते हसू मावळते.

कादंबरी हा पुरावा नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. किती जणांना जमीन मिळाली, किती दावे मंजूर झाले, हे ती सांगणार नाही. त्यासाठी फाइलच उघडावी लागेल. परंतु त्या फायलीतला क्रमांक कोणाचा, हे कथेवाचून कळत नाही. इतिहासकाराला दोन्हींची गरज आहे, आणि टिपणे लिहिण्यात ज्यांची हयात जाते त्या आपणांस तर अधिकच. फाळणीचे दावे निकालात निघाले. मात्र कोयनेसारख्या धरणांखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या पिढ्या अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिल्या. त्यांच्या अर्जांवरही क्रमांकच असतो.