म्हातारीचं कोन करते?

वऱ्हाडात एखाद्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की भेटायला आलेला पाहुणा डॉक्टर काय म्हणाले हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "म्हातारीचं कोन करते?" सेवाशुश्रूषा, संगोपन हे शब्द भाषणातले आणि सरकारी कागदावरचे. घरातला शब्द 'करणं'. त्यात उठवणं, भरवणं, कूस बदलणं, हागणं-मुतणं काढणं, रात्री दोनदा उठून बघणं, सगळं येतं. निराधारांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. करणाऱ्याची नोंद कुठे आहे?

ती सापडली दुष्काळाच्या कायद्यात. १८७६-७८च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या अहवालावरून १८८३मध्ये हंगामी दुष्काळ संहिता निघाली आणि तिच्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता बेतल्या गेल्या. अमरावती-अकोला तेव्हा 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'मध्ये होते. १८५३च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता आणि १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला.

संहितेचा मुख्य भर कामावर होता. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने खडी फोडावी, माती उचलावी आणि मजुरी न्यावी. पण काम करूच न शकणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी फुकट मदतीचं वेगळं प्रकरण होतं. पांगळे, आंधळे, वेडे, वयामुळे किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे, अशी ती यादी आहे. त्याच यादीत आणखी एक वर्ग आहे: घरातल्या आजाऱ्याजवळ किंवा तान्ह्या मुलांजवळ ज्यांचं थांबणं अगदी गरजेचं आहे, अशी माणसं. म्हणजे हातीपायी धडधाकट, पण घर सोडता येत नाही म्हणून खडी फोडायला जाऊ न शकणारी. सरकारने त्यांना कामचुकार मानलं नाही, मदतीला पात्र मानलं. गावातली यादी गावकामगारांनी करायची, म्हणजे आपल्याकडे पटेल-पटवाऱ्यांनी, आणि वरच्या अधिकाऱ्याने फिरून ती तपासायची, अशी ती रीत.

यात इंग्रजांची दयाबुद्धी फार शोधू नये. इंग्लंडमध्ये १८३४च्या गरीब कायद्यापासून घरपोच मदतीकडे संशयानेच पाहिलं जाई. गरिबाने मदत हवी तर वर्कहाउसात यावं, असा दंडक होता. हिंदुस्थानातही दुष्काळात गरीबखाने उघडले, पण लोक तिथे जायला भीत. जात सोडून, गाव सोडून परक्या हातचं खायचं, त्यापेक्षा घरी मेलेलं बरं, असं मानणारे पुष्कळ होते. गावात घरपोच दिलेला शिधा किंवा पैसा माणसाला जागेवर ठेवी आणि सरकारला स्वस्तही पडे. शिवाय अट होतीच: सांभाळायला समर्थ नातेवाईक असेल तर मदत नाही. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. दुसरा तो संवत १९५६चा, म्हणून 'छप्पनचा'. कापसाचा पैसा पाहिलेल्या वऱ्हाडालाही त्याने लोळवलं. पण संहिता दुष्काळापुरतीच होती. पाऊस पडला, पीक हाती आलं, की यादी बंद. आंधळा मात्र पाऊस पडल्यावरही आंधळाच राही, आणि त्याच्यापाशी बसलेली माणसंही तिथेच बसून राहत.

पुढची ऐंशी वर्षं ही जागा वऱ्हाडात संतांनी आणि संस्थांनी भरली. शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीत बसवलं. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली. अलीकडच्या काळात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नये, असा कायदा ते मागत आले आहेत. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कामं मोठी आहेत. पण ती ज्यांना घर उरलं नाही त्यांच्यासाठी होती. घर असलेल्याचं घरातच निस्तरावं, हे गृहीत होतं.

१९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि तिचा कायदा १९७९मध्ये अमलात आला. त्यामागोमाग १९८०मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. जुन्या संहितेची दोन्ही प्रकरणं जणू नव्या नावाने परतली: काम करू शकतो त्याला काम, करू शकत नाही त्याला अनुदान. फरक चांगला होता. आता दुष्काळाची वाट पाहावी लागणार नव्हती. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५मध्ये आलं आणि राज्याची श्रावणबाळ योजनाही त्याला जोडून चालू लागली. मात्र जुन्या यादीतला एक वर्ग या प्रवासात गळाला. आजाऱ्यापाशी थांबणारं माणूस नव्या योजनांत नाही.

'श्रावणबाळ' हे नाव मला विचारात पाडतं. श्रावणाने आईबापांना कावडीत घालून खांद्यावर वाहिलं. इथे सरकार मुलाच्या जागी पैसे देतं. कावड वाहणारा खांदा कुटुंबातल्याच कुणाचा तरी असतो, आणि बहुतेक वेळा तो सुनेचा असतो. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात शेजारच्या आजीला लकवा मारला, तेव्हा तिला महिन्याला ६०० रुपये मिळत. तिची सून आधी निंदणाला, वेचणीला जाई. ते बंद झालं. पैसा सासूच्या नावावर आला आणि रोजी सुनेची बुडाली. त्या ६०० रुपयांत सुनेच्या वेचणीच्या हंगामाची भरपाई होत नव्हती, हे गावातलं पोरही सांगेल. पण "ती तर घरीच असते" असं म्हणणारेही त्याच गावचे.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. ब्रिटनने १९७६मध्ये घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांना भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना वगळून. त्या घरीच असतात, हेच कारण. जॅकलिन ड्रेक या महिलेने दाद मागितली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा १९८६मध्ये ही अट गेली.

आपल्याकडे अनुदानाचा आकडा वाढत गेला: ६००चे २०१९मध्ये १०००, २०२३मध्ये १५००. जून २०२५मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, त्यात शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना ६००० रुपये मानधनाची मागणी होती. त्याच वर्षी दिव्यांगांचं अनुदान २५०० झालं. पण सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजारच राहिली, म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला १७५० रुपये. 'समर्थ नातेवाईक असेल तर नाही' ही जुनी अट आता तलाठ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यात राहते. आणि ते सगळं जमवण्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून अमरावतीला इर्विनला किंवा अकोल्याला सर्वोपचारला प्रमाणपत्रासाठी नेतं कोण? तीच सून. त्या दिवसाची रोजीही तिचीच.

कायद्यात वाट अगदी नाही असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४व्या कलमात, जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, हे शब्द सोबत आहेतच. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून अशा काळजीवाहकांसाठी महिन्याला ६०० रुपये ठरवले. रक्कम लहान आहे, पण ती करणाऱ्याच्या नावावर आहे.

आपल्या कुवतीचा प्रश्न निघतो तेव्हा मला १८८३ची ती यादी आठवते. ते सरकार परकं होतं, हात आखडता घेणारं होतं, आणि भुकेल्या माणसाला खडी फोडायला लावणारं होतं. तरी घरातल्या आजाऱ्यापाशी थांबणं हे काम आहे आणि त्यासाठी माणसाची मजुरी बुडते, एवढं त्याला कळलं होतं. दुष्काळाच्या वर्षापुरतं का होईना, ते त्याने लिहून ठेवलं. आपण ते बाराही महिन्यांसाठी लिहायला हरकत नाही.