भट्टीतले देव : प्राचीन ग्रीसमधील कुंभार, विणकरणी आणि एक धोबीण

‘पेगन’ हे नाव ज्यांना चिकटले, त्यांनी ते स्वतःसाठी कधी वापरले नव्हते. लॅटिनमधील ‘पागानुस’ म्हणजे मुळात खेड्यातला रहिवासी. इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती मंडळी जुने देव न सोडणाऱ्यांना या नावाने संबोधू लागली. त्याआधी हजार वर्षे ग्रीकांना आपल्या श्रद्धेला वेगळे नाव देण्याची गरजच भासली नव्हती. त्यांचे देव चुलीत, शेतात, मागावर आणि भट्टीत होतेच.

या लोकांच्या सर्जनशीलतेचा विषय निघाला की पार्थेनॉन आणि फिडियसच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. रोजच्या कामातली निर्मिती मात्र दृष्टीआड राहते, आणि त्याला ग्रीक ग्रंथकारच बरेचसे जबाबदार आहेत. झेनोफोनच्या एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी असे मत येते की, कारागिरीचे धंदे शरीर बिघडवतात आणि मनही दुबळे करतात. पुढे प्लुटार्कने लिहिले की ऑलिंपियाची झ्यूसमूर्ती पाहून फिडियस व्हावेसे वाटेल असा कुलीन तरुण सापडणार नाही. पण हे लेखणी धरणाऱ्यांचे मत झाले. ज्यांचे हात मातीत होते, त्यांची साक्ष मातीतच शोधावी लागते.

तशी साक्ष १८७९ मध्ये सापडली. कोरिंथजवळच्या पेन्तेस्कूफिया येथे मातीच्या छोट्या, चित्रित पाट्यांचे हजाराहून अधिक तुकडे मिळाले. बहुतेक इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकांतले. कित्येक पाट्यांना टांगण्यासाठी भोके आहेत. त्या देवाला वाहिलेल्या होत्या. अनेकींवर त्रिशूळधारी पोसायडन आहे, कधी सोबत त्याची पत्नी अँफिट्रायटी.

इतरांवर जे आहे ते अधिक विलक्षण आहे. खाणीत वाकून माती खणणारी माणसे. भट्टीच्या घुमटावर चढलेला कामगार. एका पाटीवर तर भट्टी उभी कापल्यासारखी दाखवली आहे, आत एकावर एक रचलेली भांडी दिसतात. टिमोनिडास नावाच्या चित्रकाराने एका पाटीवर आपली सहीही केली आहे. देवापुढे ठेवायला या लोकांनी आपले कामच चितारले, धुरासकट.

भट्टीला देव का लागतात, हे भाजणीची रीत समजली की उलगडते. अथेन्सच्या काळ्या-लाल भांड्यांना वेगळा काळा रंग लावलेला नसे. अतिशय बारीक गाळलेल्या मातीचा लेप देऊन भट्टी साधारण ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवत. आधी भरपूर हवा, मग हवा कोंडून धूर, मग पुन्हा हवा. कोंडलेल्या धुरात सगळे काळे पडे; शेवटच्या हवेने भांड्याचे अंग पुन्हा लाल होई आणि लेप तेवढा काळा राही. हवा सोडण्याची वेळ चुकली की कित्येक दिवसांची मेहनत वाया. तापमापक नव्हता. होती फक्त ज्वाळेच्या रंगाची पारख, आणि नमुन्याचा तुकडा बाहेर काढून पाहण्याची सोय.

त्यामुळे भट्टीत भुतेही होती. होमरच्या नावावर खपवलेली ‘भट्टी’ ही एक छोटी कविता सामोसच्या कुंभारांशी जोडली जाते. कुंभारांनी ठरलेला मोबदला दिला तर अथेनेने भट्टी राखावी, फसवले तर भुतांनी ती उद्ध्वस्त करावी, असा तिचा रोख आहे. भुतांची नावे धंद्यातून उचललेली आहेत : सिंट्रिप्स म्हणजे फोडणारा, अस्बेतोस म्हणजे न विझणारा. म्युनिकमधील एका अथेनियन घड्यावर कुंभारवाडा चितारला आहे, त्यातल्या भट्टीवर सायलिनसचा विद्रूप मुखवटा दिसतो. दृष्ट लागू नये म्हणूनच तो असावा.

निर्मितीचा देवही या लोकांनी देखणा कल्पिला नाही. हेफायस्टस लंगडा आणि घामाघूम. होमरच्या काव्यात बाकीचे देव त्याला हसतात. अथेन्समध्ये मात्र बाजारचौकाच्या माथ्यावर, लोहार-कासारांच्या वस्तीशेजारी त्याचे मंदिर उभे राहिले, आणि आत त्याच्यासोबत अथेना होती. तिचे एक नाव ‘एर्गाने’, म्हणजे काम करणारी.

तिचे वस्त्र बायका विणत. शरद ऋतूच्या अखेरीस ‘खाल्केइया’ या कारागिरांच्या सणाला माग उभा राही. सात ते अकरा वर्षांच्या निवडक मुली कामाचा आरंभ करत, पुढे इतर कन्या ते पुरे करत. सुमारे नऊ महिन्यांनी, पॅनअथेनाइया उत्सवात, देव आणि राक्षसांचे युद्ध विणलेला तो ‘पेप्लोस’ अथेनेला अर्पण होई. त्यातला एक धागाही उरलेला नाही. घराघरांतल्या मागांची मातीची वजने तेवढी उत्खननात ढिगाने मिळतात, आणि संग्रहालयात त्यांच्यापुढे क्वचितच कोणी थांबते.

अ‍ॅक्रोपोलिसवरचे काही दगड मात्र बोलतात. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस नेआर्खोस नावाच्या माणसाने आपल्या कामाच्या पहिल्या फळातून अथेनेला पुरुषभर उंचीहून मोठी संगमरवरी मूर्ती वाहिली. तो कुंभार होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्मिकिथे नावाच्या बाईनेही आपल्या कमाईचा दशमांश देवीला दिला. नावापुढे तिने धंदा कोरवला : धोबीण. झेनोफोनच्या संवादातील मत प्रमाण मानले, तर तिने तो शब्द झाकायला हवा होता.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. या कामात परके आणि गुलाम मोठ्या संख्येने होते. ‘लिडोस’ या चित्रकाराच्या नावाचा अर्थच ‘लिडियाचा माणूस’ असा होतो. माग देवीचा असला तरी विणकाम स्त्रीला ऐच्छिक नव्हते.

आणि देवापुढे वाकणारे हे हात आपापसांत मुळीच नम्र नव्हते. कुंभाराने कुंभाराशी केलेली स्पर्धा हेसियडने चांगल्या चुरशीत गणली आहे. इसवी सनपूर्व ५१० च्या सुमारास चित्रकार युथिमिडीसने एका भांड्यावर नाचणारे तीन मद्यपी रंगवले आणि बाजूला स्वच्छ अक्षरांत आपल्या प्रतिस्पर्ध्याला डिवचले : युफ्रोनियोसला हे कधी जमले नाही. ते भांडेही आज म्युनिकमध्येच आहे.