शिखरावरची वही

डोंगरमाथ्यावर पोहोचणाऱ्याने आपले नाव, गाव, तारीख आणि चढाईची वाट लिहून ठेवावी यासाठी माथ्यावरच ठेवलेली वही म्हणजे शिखर-नोंदवही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील असंख्य शिखरांवर ती दगडांच्या राशीत, लोखंडी क्रुसाच्या पायथ्याशी किंवा कातळाला पक्क्या केलेल्या धातूच्या डब्यात असते. सोबत बहुधा पेन्सिल असते, कारण शाई थंडीत गोठते आणि ओलीत पसरते. ही वही कोणा एकाची नसते. येणारा तिच्यात लिहितो आणि मागून येणारा ते वाचतो. चढाईचा पुरावा म्हणून सुरू झालेली ही प्रथा पुढे हरवलेल्यांच्या शोधाला उपयोगी पडली आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या पदभ्रमणकारांमधील संवादाचे साधन बनली. शेवटी तर वहीने जागा सोडली आणि ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरू लागली.

वर गेल्याचे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न वहीपेक्षा फार जुना आहे. फ्रान्समधील माँ एग्वीय हा सुमारे 2,085 मीटर उंचीचा, चहूबाजूंनी कडे तुटलेला डोंगर. राजा आठवा चार्ल्स याच्या हुकमावरून अन्त्वान द व्हिल या सरदाराने जून 1492 मध्ये शिड्या आणि दोर लावून तो सर केला. त्याने माथ्यावर क्रूस उभारले, तेथे काही दिवस मुक्काम केला आणि माथ्यावरूनच ग्रनोबल येथील न्यायसभेच्या अध्यक्षांना पत्र पाठवून चढाईची शहानिशा करायला माणूस धाडण्याची विनंती केली. आलेल्या अधिकाऱ्याने शिड्या पाहिल्या, वरची माणसेही पाहिली, पण स्वतः चढण्याचे धाडस केले नाही. त्या माथ्यावर पुन्हा माणूस पोहोचला तो 1834 मध्ये. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षे या चढाईचा आधार केवळ कागदोपत्री होता.

एकोणिसाव्या शतकात आल्प्समध्ये हौशी गिर्यारोहण वाढले. लंडनचा अल्पाइन क्लब 1857 मध्ये, ऑस्ट्रियाचा 1862 मध्ये, स्वित्झर्लंड आणि इटली यांचे 1863 मध्ये आणि जर्मनीचा 1869 मध्ये स्थापन झाला. प्रथम कोण पोहोचले याला महत्त्व आले आणि पुराव्याची गरज वाढली. माथ्यावर दगड रचायचे आणि त्यांत बाटली खोचून तिच्यात नावाची चिठ्ठी किंवा भेटकार्ड ठेवायचे, असा परिपाठ पडला. मागून येणारा चिठ्ठी वाचून आपली चिठ्ठी भरत असे. सुट्या चिठ्ठ्या भिजत, उडून जात किंवा कोणी आठवण म्हणून घेऊन जात. त्यामुळे बाटलीच्या जागी डबा आणि चिठ्ठ्यांच्या जागी शिवलेली वही येणे स्वाभाविक होते.

पुराव्याअभावी किती घोळ होतो याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत घडले. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंग 1871 मध्ये माउंट व्हिटनी समजून एका शिखरावर चढला. त्याला तेथे दगडांची लहानशी रास दिसली आणि तिच्यात पक्की बसवलेली मूलनिवासी शिकाऱ्याच्या बाणाची काडी. तेथे त्याच्या आधी माणूस येऊन गेला होता, एवढे त्या काडीने सांगितले. कोण आणि कधी, हे मात्र कळण्याचा मार्ग नव्हता. दोन वर्षांनी त्याच शिखरावर गेलेल्या डब्ल्यू. ए. गुडइयर याने जाहीर केले की, हा व्हिटनी नव्हेच. किंग चढला होता तो दक्षिणेकडचा, आज माउंट लँगली म्हणून ओळखला जाणारा डोंगर. किंग घाईने परतला आणि 19 सप्टेंबर 1873 रोजी खऱ्या व्हिटनीवर पोहोचला, पण तोवर उशीर झाला होता. लोन पाइन भागातील तीन मच्छीमार, चार्ल्स बिगोल, ए. एच. जॉन्सन आणि जॉन ल्यूकस, 18 ऑगस्टलाच 4,421 मीटर उंचीच्या त्या माथ्यावर जाऊन आले होते. त्यांच्या दाव्यावरही स्थानिक वृत्तपत्रात वाद रंगला.

याच पर्वतरांगेच्या नावाने 28 मे 1892 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सिएरा क्लबची स्थापना झाली आणि जॉन म्यूर क्लबचा पहिला अध्यक्ष झाला. सुरुवातीच्या काळातच क्लबने महत्त्वाच्या शिखरांवर नोंदीसाठी धातूच्या नळ्या ठेवायला आरंभ केला. पुढे क्लबचे नाव उठावाने कोरलेले ओतीव अॅल्युमिनियमचे डबेही आले. वह्या भरल्या की कार्यकर्ते त्या खाली आणत आणि नव्या ठेवत. कोणत्या शिखरावर प्रथम कोण चढले, कोणत्या कड्याने चढले, मधली किती वर्षे तेथे कोणी फिरकले नाही, हा सिएरा नेवाडाचा चढाईचा इतिहास बऱ्याच अंशी या वह्यांतून जुळवला गेला आहे. खाली आणलेल्या अनेक वह्या आता बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.

नोंदवहीचा दुसरा उपयोग शोधकार्यात दिसला. 1933 च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील तरुण वकील वॉल्टर स्टार मिनरेट्स या सुळक्यांच्या भागात एकटाच चढाईला गेला आणि परतला नाही. शोधपथकांनी आसपासच्या शिखरांवरील नोंदी तपासल्या. ज्या माथ्यावर नाव सापडते तेथपर्यंत माणूस सुखरूप पोहोचलेला असतो. जेथे ते सापडत नाही तेथे तो गेलाच नसावा किंवा पोहोचण्याआधी काही घडले असावे. अशा तर्काने शोधाचे क्षेत्र आवळता येते. पथके परतल्यावरही गिर्यारोहक नॉर्मन क्लाइड एकटा शोध घेत राहिला आणि 25 ऑगस्टला मायकल मिनरेट या सुळक्यावर त्याला स्टारचा मृतदेह आढळला. स्टारने तयार केलेले जॉन म्यूर ट्रेल या पायवाटेचे मार्गदर्शक पुस्तक क्लबने 1934 मध्ये प्रसिद्ध केले.

आल्प्समध्ये हीच पद्धत डोंगरातील निवाऱ्यांनाही लागू आहे. गिर्यारोहण संघटनांच्या निवाऱ्यांत वही असते. आलेल्याने आपण कोठून आलो हे लिहायचे आणि पुढे कोठे व कोणत्या वाटेने जाणार हेही नोंदवायचे, असा दंडक आहे. निवाऱ्यातील नोंद पुढचा बेत सांगते आणि शिखरावरील नोंद तो बेत पार पडल्याची खूण देते. बचावपथकाला या दोहोंमधील अंतर शोधायचे असते.

नोंदवहीचा तिसरा उपयोग, म्हणजे ओळख आणि संवाद, न्यूयॉर्क राज्यातील अॅडिरॉन्डॅक डोंगरात विशेष दिसतो. तेथे जुन्या मोजणीनुसार 4,000 फुटांपेक्षा उंच अशी 46 शिखरे आहेत. मार्शल बंधू बॉब व जॉर्ज आणि त्यांचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क यांनी 1925 मध्ये ती सर्व पूर्ण केली. पुढे असे करणाऱ्यांची अॅडिरॉन्डॅक फॉर्टी-सिक्सर्स ही संस्था झाली. ज्या शिखरांवर आखीव पायवाट नव्हती तेथे संस्थेने वही ठेवलेले डबे बसवले. दाट झाडीत खरा माथा कोणता हे ओळखायलाही हे डबे उपयोगी पडत. सर्व शिखरे चढणारी पहिली महिला ग्रेस हडोवाल्स्की ही अनेक दशके संस्थेची इतिहासकार होती. चढाई करणाऱ्यांनी प्रत्येक शिखराबद्दल तिला पत्र लिहावे आणि तिने उत्तर द्यावे, असा शिरस्ता होता. माथ्यावर लिहिलेल्या दोन ओळींना अशी पत्रांची जोड मिळाली. 2014 मध्ये ईस्ट डिक्स या शिखराला तिच्या सन्मानार्थ ग्रेस पीक हे नाव देण्यात आले.

वहीला चालते करणारी परंपरा मात्र उंच शिखरांवर जन्मली नाही. तिचे मूळ नैऋत्य इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील डार्टमूर या पठारावर आहे. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, पीटची दलदल आणि अचानक उतरणारे धुके ही या पठाराची ओळख. त्याचा सर्वोच्च माथा हाय विलहेज केवळ 621 मीटर उंच आहे. पठाराच्या उत्तर भागातील क्रॅनमिअर पूल हा पूर्वीचा डोह आता पाणी आटून पीटमधील खळगा झाला आहे, पण तेथवर पोहोचणे एकेकाळी मोठे कठीण मानले जाई. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट प्रवाशांना तेथे नेत असे. त्याने 1854 मध्ये तेथे दगड रचून त्यांत एक बाटली ठेवली. पोहोचलेल्यांनी तिच्यात आपले भेटकार्ड टाकावे, एवढाच हेतू होता. 1888 मध्ये बाटलीच्या जागी पत्र्याचा डबा आला आणि 1905 मध्ये नोंदवही ठेवली गेली.

यातूनच टपालाचा खेळ सुरू झाला. येणारा आपलाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड डब्यात ठेवी. पुढचा प्रवासी ते उचलून आपल्या गावाहून टपालात टाकी आणि त्याच्या जागी स्वतःचे कार्ड ठेवून जाई. कार्ड किती दिवसांनी आणि कोठल्या शिक्क्यासह घरी येते, यावरून मागून कोण आले ते कळे. पुढे प्रत्येक डब्यात त्या जागेचा रबरी शिक्का ठेवण्याची रीत पडली. 1937 मध्ये क्रॅनमिअर पूल येथे दगडी पेटी बांधली गेली. डार्टमूरचा अभ्यासक विल्यम क्रॉसिंग याच्या स्मरणार्थ 1938 मध्ये दक्षिण भागातील डक्स पूल येथे आणखी एक नोंदपेटी झाली.

1970 च्या दशकापर्यंत पठारावर असे मोजकेच डबे होते. त्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढून काही हजारांवर गेली. डबा दगडांच्या फटीत लपवायचा, त्याचा ठावठिकाणा नकाशावरील अंक आणि होकायंत्राच्या दिशा देऊन सांगायचा आणि शोधणाऱ्याने तो पुन्हा तसाच लपवून जायचे, असे नियम रूढ झाले. शोधणाऱ्याकडे स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का असे. डब्यातील शिक्का तो आपल्या वहीत उमटवी आणि आपला शिक्का डब्यातील वहीत. त्यामुळे एकाच भेटीची नोंद दोन ठिकाणी होई. डबे इतके वाढल्यावर प्राचीन दगडी अवशेषांत ते ठेवू नयेत, दगड उकरू नयेत, सिमेंट वापरू नये, अशी आचारसंहिताही करावी लागली. पठाराचा काही भाग लष्कराच्या गोळीबार सरावाचा असल्याने सरावाच्या वेळा पाहूनच तेथे जावे लागते.

अमेरिकेतील स्मिथसोनियन मासिकात 1998 मध्ये या छंदावर लेख आला आणि हा छंद तेथे पसरला. फिरती नोंदवही हा त्यातील एक लोकप्रिय प्रकार. ती आपल्या शिक्क्यासह एखाद्या डब्यात पाहुण्यासारखी ठेवलेली असते. ती ज्याला सापडेल त्याने तिच्यात नोंद करायची, तिला बरोबर घ्यायचे आणि पुढे सापडेल त्या डब्यात सोडायचे. सोडताना यजमान डब्याचा शिक्का फिरत्या वहीत आणि फिरत्या वहीचा शिक्का यजमान वहीत उमटवायचा. स्थिर वहीत एका जागी आलेल्या अनेक माणसांचा इतिहास साठतो. फिरत्या वहीत अनेक माणसांनी मिळून केलेल्या एकाच प्रवासाचा इतिहास साठतो आणि त्यातला संपूर्ण मार्ग कोणा एकालाही चालावा लागत नाही. अशा वहीचा धोकाही वेगळा असतो. एकाने ती घरी विसरली तर तोवरची सर्व पाने एकदम हरवतात. अशा वेळी यजमान डब्यांत उमटलेले तिचे शिक्के तेवढे तिचा माग सांगतात.

वहीच माथ्यामाथ्यावर नेण्याची आणखी एक रीत स्लोव्हेनियात आहे, मात्र तेथे ती सामायिक नसून ज्याची त्याची असते. मारिबोर शहरापासून आड्रियाटिक समुद्रकाठच्या अंकारानपर्यंत जाणारी स्लोव्हेनियन डोंगरवाट 1953 मध्ये खुली झाली. इव्हान शुमल्याक याच्या कल्पनेतून ती साकारली. चालणारा एक पुस्तिका जवळ बाळगतो आणि वाटेवरील शिखरे व निवारे येथे ठेवलेले शिक्के तिच्यात उमटवत जातो. सर्व ठिकाणचे शिक्के जमले की वाट पूर्ण केल्याची मान्यता आणि सन्मानचिन्ह मिळते. येथे पुरावा माथ्यावर न राहता चालणाऱ्याच्या पिशवीतून खाली येतो.

उपग्रहांनी या छंदाला नवे रूप दिले. अमेरिकी सरकारने मे 2000 च्या आरंभी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची घट काढून टाकली. लगेच 3 मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर याने वही आणि काही वस्तू भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग हा जगभर पसरलेला खेळ निघाला. त्यातही डब्यात वही असतेच. शिवाय क्रमांक कोरलेली धातूची पट्टी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेली जाते आणि तिचा प्रवास संगणकावर नोंदला जातो. ही पट्टी म्हणजे फिरत्या वहीचेच नवे रूप. फरक इतकाच की तिची पाने तिच्याबरोबर फिरत नाहीत आणि पट्टी हरवली तरी नोंदी शिल्लक राहतात.

शिखरांवरील स्थिर वह्यांपुढे मात्र अडचणी वाढल्या आहेत. पाणी, वीज, उंदीर आणि चोरी यांनी अनेक जुन्या वह्या नष्ट झाल्या आहेत. सिएरा नेवाडातील काही दुर्मीळ वह्या माथ्यावरून नाहीशा झाल्याने त्या तेथेच ठेवाव्यात की संग्रहालयात न्याव्यात, यावर गिर्यारोहकांत मतभेद आहेत. वही जेथे लिहिली गेली तेथेच वाचण्यात अर्थ आहे असे एका पक्षाचे म्हणणे, तर नष्ट झालेली वही कोणालाच वाचता येत नाही हे दुसऱ्याचे उत्तर. राखीव अरण्यात मानवनिर्मित वस्तू नसावी, या धोरणाचाही परिणाम झाला. अॅडिरॉन्डॅकमधील डबे याच कारणाने 2001 मध्ये काढण्यात आले. पुरावा म्हणून आता छायाचित्र आणि मोबाइलमधील मार्गनोंद पुरते, तर बचावासाठी उपग्रह-संदेशयंत्रे आहेत. पहिली दोन कामे अशी यंत्रांकडे गेली तरी आल्प्समधील क्रुसांखालचे डबे आणि डार्टमूरवरील पेट्या वापरात आहेत. तेथे वही भरली की नवी ठेवली जाते आणि तिच्यातील नोंदी प्रामुख्याने मागून येणाऱ्यासाठी लिहिल्या जातात.