चारशे वर्षांमागच्या जत्रेत एक दिवस



गेल्या श्रावणात अमेरिकेहून माझ्या भाच्याचं पत्र आलं. तो टेक्सास राज्यात नोकरीला आहे. लिहितो, “मामा, आमच्याकडे दर साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात रेनेसाँ जत्रा भरते. माणसं चारशे वर्षांपूर्वीचे पोशाख घालून येतात. यंदा दोन्ही मुलांना घेऊन जावं म्हणतो. तुम्ही इतिहास शिकवता. एका दिवसात काय पाहावं, काय सोडावं, आणि मुलं प्रश्न विचारू लागली तर काय सांगावं, तेवढं कळवा.”

पत्र वाचून मला आधी हसू आलं. जत्रेला जायचं तर पोराला खांद्यावर घ्यावं आणि चालू लागावं. त्याला मास्तरांचा सल्ला कशाला? पण उत्तर लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की प्रश्न वाटतो तितका हलका नाही. आपल्या जत्रेत देव आहे, नवस आहे, बैलबाजार आहे; ती आजची जत्रा आहे. भाच्याच्या जत्रेत गेलेला काळ पुन्हा उभा केलेला असतो. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती हे ओळखता आलं, तर तो दिवस सत्कारणी लागला. नाही तर नुसती करमणूक झाली. ते उत्तर आज थोडं विस्तारानं तुमच्यापुढे ठेवतो.

रेनेसाँ म्हणजे पुनर्जन्म. युरोपात चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत जुन्या ग्रीक-रोमन विद्येचं पुनरुज्जीवन झालं, त्या काळाला हे नाव आहे. त्याचा आरंभ इटलीत झाला. परंतु अमेरिकेतल्या या जत्रांत बहुधा इंग्लंड दाखवतात, आणि तेही राणी एलिझाबेथचं, म्हणजे १५५८ ते १६०३ या वर्षांतलं. शिक्षकांनी इथेच फळ्यावर एक रेघ ओढावी. रेघेच्या वर लिहावं एलिझाबेथ. खाली लिहावं : १५५६ साली अकबर गादीवर आला, १५६५ साली तालिकोटची लढाई होऊन विजयनगर पडलं, १५९९ साली पैठणला एकनाथमहाराजांनी समाधी घेतली. एवढ्यानं मुलांना कळतं, की जत्रेतला तो ‘परका’ काळ आपल्याही ओळखीचाच आहे.

आता ही जत्रा निघाली कशी? तिचा उगम एका शिक्षिकेत आणि एका नभोवाणी केंद्रात आहे. लॉस एंजेलिस शहरात फिलिस पॅटरसन नावाच्या बाई शाळेत शिकवीत असत. मूल झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि घराच्या परसात आसपासच्या मुलांना नाटक शिकवू लागल्या. जुन्या इटलीत नटमंडळी गाडीवरच रंगमंच मांडून गावोगाव खेळ करीत; तसले खेळ ही मुलं करू लागली. त्याच शहरात केपीएफके नावाचं नभोवाणी केंद्र होतं. ते जाहिराती घेत नसे, श्रोत्यांच्या वर्गणीवर चाले. त्याला पैशाची चणचण होती. तेव्हा बाई आणि त्यांचे पती रॉन यांनी केंद्राच्या मदतीसाठी ११ आणि १२ मे १९६३ असे दोन दिवस जुन्या इंग्रजी धर्तीची जत्रा भरवली. सुमारे ८,००० माणसं लोटली! पुढे ती दर साली भरू लागली. तिचं पाहून मिनेसोटात १९७१ साली, टेक्सासमध्ये १९७४ साली, मेरीलँडमध्ये १९७७ साली अशाच जत्रा सुरू झाल्या. परसातल्या एका वर्गाचा वेल देशभर गेला तो असा.

पण ज्या जत्रांची ही नक्कल, त्या मूळ जत्रा कशा होत्या? लंडनमध्ये स्मिथफील्डच्या मैदानावर संत बार्थोलोम्यूची जत्रा भरे. ११३३ साली पहिल्या हेन्री राजानं राहीर नावाच्या धर्मगुरूला तिची सनद दिली. मठाचा आणि रुग्णालयाचा खर्च तिच्या उत्पन्नातून चालावा हा हेतू. ऑगस्टच्या २४ तारखेला संताचा दिवस. त्या सुमारास देशभरचे कापडवाले तिथं उतरत. पुढे कापड मागं पडलं, तमाशे आणि दंगा वाढला, आणि १८५५ नंतर ती बंद झाली. म्हणजे सातशेंहून अधिक वर्षं ती चालली. केंब्रिजजवळच्या स्टूरब्रिजच्या जत्रेचीही अशीच कथा. तिची सनद कुष्ठरोग्यांच्या आश्रमासाठी होती. देवाचं निमित्त, धर्मकार्याला उत्पन्न आणि पोटाला व्यापार, हा मेळ आपल्याला नवा नाही.

या जत्रांतली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक मोठ्या जत्रेत एक छोटी कचेरी बसे. तिचं नाव फ्रेंच शब्दांवरून पडलेलं. त्याचा अर्थ ‘धुळीनं भरलेले पाय’. वाटसरू व्यापारी उद्या पुढच्या गावाला जाणार, त्याला तारखांवर तारखा देऊन कसं चालेल? म्हणून मापात खोट, उधारीचा वाद, माल एक दाखवून दुसरा देणं, असल्या तक्रारींचा निकाल जत्रा उठायच्या आत लागे. पायावरची धूळ झटकण्यापूर्वी न्याय! शेतमाल घेऊन बाजाराला जाणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दिवसाची आखणी. भाच्याला मी लिहिलं ते असं. ही जत्रा मुख्यतः शनिवार-रविवारी असते, तेव्हा तिकीट आधी काढून ठेव आणि दरवाजे उघडायच्या आत पोच. सकाळी गर्दी कमी असते आणि कारागिरांना बोलायला सवड असते. म्हणून पहिले दोन तास लोहार, कुंभार, काच फुंकणारा आणि विणकर यांच्याकडे घालव. मुलांना भात्याजवळ उभं कर. लोखंड कुठल्या रंगाला आलं की घाव घालायचा, ते लोहाराला विचारू दे. दुपारी उन्हं तापतात, तेव्हा सावलीतली नाटकं आणि गाणी ऐक. खेळ संपल्यावर नट टोपी फिरवतात. तीत चार पैसे टाकायला मुलांच्या हाती दे. जमीन धुळीची, पाऊस पडला तर चिखलाची; पायात जुने घट्ट जोडे असू देत. पोशाख विकत घेऊ नकोस, हवा तर भाड्यानं मिळतो. खरी तलवार कमरेला लावून कोणी आला, तर बहुतेक जत्रांत ती म्यानात बांधून ठेवावी लागते, हेही मुलांना दाखव. आणि सगळं पाहायचा हट्ट धरू नकोस. तीनच गोष्टी नीट पाहा.

मुलांच्या हाती एक वही दे, असं मी मुद्दाम लिहिलं. तिच्यात तीन रकाने पाडायचे : काय दिसलं, त्यातलं खरं काय, आणि काय दिसलं नाही.

पहिला रकाना आपोआप भरतो. दुसऱ्यासाठी थोडी माहिती लागते. जत्रेत जो तो भाजलेली टर्कीची तंगडी हातात धरून फिरतो. टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी. तो सोळाव्या शतकात युरोपात आला खरा, पण साध्या मजुराचं जेवण म्हणजे पाव, वाटाण्याची पेज आणि बार्लीची बिअर. घोडेस्वारांची भाल्यांची झुंज हा जत्रेचा मोठा देखावा. प्रत्यक्षात ती सरदारांची होती. राणीच्या राज्यारोहणाच्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, राजवाड्याजवळ होई. तीही पाहायची तर १२ पेन्स मोजावे लागत, असं १५८४ साली पाहून आलेल्या एका जर्मन प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. एवढा तर मजुराचा दिवसाचा रोजही नसे. आज जो तो मखमल घालून मिरवतो. पण त्या काळी कोणी कसलं कापड वापरावं याचे हुकूम असत. १५७१ सालच्या एका कायद्यानं तर सहा वर्षांवरच्या साध्या माणसांनी रविवारी आणि सणावारी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे असं ठरवलं, का तर लोकरीचा धंदा चालावा! न घातली तर दंड. तो कायदा १५९७ साली उठला.

तिसरा रकाना सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. १५९४ पासून इंग्लंडात ओळीनं पिकं बुडाली, धान्य महागलं, माणसं उपाशी मेली. १५७२ च्या कायद्यानं काम नसलेल्या भटक्याला चाबकाचे फटके मारीत आणि कानाला डाग देत. १५६३ च्या कायद्यानं मजुरानं किती तास राबावं हे ठरवलं आणि त्याची मजुरी न्यायाधीशांवर सोपवली. १५६२ साली जॉन हॉकिन्स आफ्रिकेतून माणसं पकडून विकायला निघाला. यातलं काही आजच्या जत्रेत दिसत नाही. त्यात जत्रेचा फार दोष नाही; चाबूक पाहायला तिकीट काढून कोण येणार? पण जे दाखवलं नाही ते घडलंच नाही, असं मुलांच्या मनात बसता कामा नये. इतिहास शिकवणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला कळवलं. जत्रेत मिरीची चव असलेलं काही खाल्लंत तर आपल्या किनाऱ्याची आठवण ठेवा. त्या काळी पोर्तुगीज मलबारची मिरी समुद्रमार्गे लिस्बनला नेत, आणि त्यांची पूर्वेकडची राजधानी होती गोवा. त्याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री उतरला, म्हणजे याच एलिझाबेथच्या प्रजेतला एक माणूस. तो मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ त्यानं रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. १५८३ साली राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी कैदी होऊन गोव्यात आले, तेव्हा याच स्टीफन्सनं त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. फिच निसटला, बेळगाव-विजापूर-बऱ्हाणपूर पाहत उत्तरेला गेला आणि १५९१ साली लंडनला परतला. १६०० सालच्या अखेरच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. पुढचं तुम्ही जाणताच.

दिवाळीनंतर भाच्याचं दुसरं पत्र आलं. दिवस छान गेला, मुलगा लोहारापासून हलेना, असं लिहिलं होतं. सोबत धाकट्या मुलीच्या वहीचं एक पान होतं. नऊ वर्षांची पोर. तिसऱ्या रकान्यात तिनं आपल्या मनानं एकच ओळ लिहिली होती : पाव होता, लोकर होती, पण शेतकरी कुठं दिसला नाही.

मी ते पान माझ्या वर्गात वाचून दाखवलं. राजा, राणी, सरदार आणि नट सगळे हजर होते. ज्याच्या धान्यावर जत्रा जेवली तो तेवढा नव्हता. आपल्या क्रमिक पुस्तकांतही असंच होतं, नाही का? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या खेपेला गावच्या जत्रेला जाल तेव्हा मुलांच्या हाती अशीच एक वही द्या. देऊळ कोणी बांधलं, बाजार कधीपासून भरतो, पूर्वी काय विकायला येई, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या. तिकीट लागत नाही, आणि पोशाखही नको. तिसरा रकाना मात्र रिकामा सोडू नका.