मँचेस्टरकरांची पाच वर्षे

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत आपल्या पॅरिशचा इतिहास लिहिण्याचे काम आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनी पत्करले आहे. आमच्याकडे संपादकांनी "काही ऐतिहासिक, परंतु तरुणांस रुचेल असे" मागितले. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या तरुण मंडळाचा फुटबॉल संघ शेजारच्या पॅरिशकडून पाच गोलांनी हरला, आणि पुढच्याच रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चार गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मुलांना शिकविणारा बदला, एवढेच त्यांचे मागणे. तो बिचारा येऊन जेमतेम सात महिने झाले होते. आम्ही त्या गृहस्थांस चहा दिला आणि उत्तर पुढे ढकलले. ते येथे देत आहो. मात्र ते आमचे नसून इंग्लंडातील मँचेस्टर शहराचे आहे.

मँचेस्टरचे नाव आपल्या आजोबांच्या पिढीस कापडावरून ठाऊक होते. गिरण्यांचे, धुराचे, पावसाचे हे गाव. आयर्लंडातून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांची वस्तीही तेथे मोठी. गिरण्या शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटू लागल्या तेव्हापासून मजुरांची दुपार फुटबॉलच्या मैदानावर जाऊ लागली, आणि बापाचा संघ तोच मुलाचा संघ, हा वारसा घराघरांत रुजला. त्या गावातील दोन मोठ्या संघांपैकी 'मँचेस्टर युनायटेड' हा रेल्वेच्या कामगारांनी १८७८ साली काढलेला. त्याचीच ही कथा.

१९४५ च्या फेब्रुवारीत ह्या संघाने मॅट बझबी नावाच्या पस्तीस वर्षांच्या मनुष्यास व्यवस्थापक नेमले. बझबी स्कॉटलंडातील कोळशाच्या खाणींच्या मुलखातला, बेलशिलजवळच्या एका खेड्यात कॅथलिक घरात १९०९ साली जन्मलेला. बाप खाणमजूर; १९१७ साली महायुद्धात फ्रान्समध्ये पडला. मुलगाही खाणीत उतरला होता, पण पायांतील कौशल्याने त्याला वर काढले. हा मनुष्य नियमाने मिस्साला जाणारा, आवाज न चढविणारा, परंतु शब्दाचा पक्का होता. संचालकांनी त्यास तीन वर्षांचा करार देऊ केला. त्याने पाच वर्षे मागितली. मनात आहे तसा संघ उभारावयास तेवढा काळ लागेलच, असे त्याने स्पष्ट सांगितले. संघातील गडी निवडण्याचा अधिकारही त्याने स्वतःकडे घेतला. तोपर्यंत कित्येक ठिकाणी ही निवड संचालकच करीत. लक्षात घ्यावे, ह्या माणसाने तोवर एकही संघ चालविलेला नव्हता. मैदानाची अवस्था अशी, की १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बॉम्बांनी प्रेक्षकांचे सज्जे उद्ध्वस्त केलेले. १९४९ पर्यंत संघ शेजाऱ्याच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या, मैदानावर भाडे भरून खेळत होता.

त्याने १९४८ साली एफ. ए. चषक आणला आणि १९५२ साली लीगचे अजिंक्यपद. तेव्हा गडी वयस्क होऊ लागले होते. विकत घेऊन भोके बुजविण्याऐवजी त्याने शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरे गोळा केली, त्यांना चांगल्या घरांत राहावयास ठेवले आणि आपला मदतनीस जिमी मर्फी ह्याच्या हाती सोपविले. मर्फी वेल्समधला, तोही कॅथलिक. युद्धकाळात इटलीतील बारी येथे सैनिकांपुढे तो बोलत असता बझबीने त्यास ऐकले आणि तेथेच हेरले. ह्या पोरांनी १९५६ व १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे लीग जिंकली. पहिल्या खेपेस संघाचे सरासरी वय अवघे बावीस होते.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. १९५८ च्या ६ फेब्रुवारीस युरोपीय चषकाचा सामना बेलग्रेडला खेळून संघ परत येत होता. विमान इंधनासाठी म्युनिकला उतरले. हिमवर्षाव चालू होता. धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचला होता. दोनदा उड्डाण फसले. तिसऱ्यांदा विमान धावू लागले तेव्हा डब्लिनचा बिली व्हेलन, मोठा श्रद्धाळू मुलगा, मृत्यू येत असेल तर आपली तयारी आहे, अशा अर्थाचे काही बोलला, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. विमान उठले नाही. एकंदर तेवीस माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू. व्हेलन त्यांतला एक. आठवा, एकवीस वर्षांचा डंकन एडवर्ड्स, पंधरा दिवस झुंजून रुग्णालयात वारला. बझबीस दोन वेळा अंत्यविलेपनाचा संस्कार देण्यात आला, तो जगला. कोण कोण गेले हे त्यास बरेच दिवस कोणी सांगेना. शेवटी तो एकेक नाव घेई आणि पत्नी जीन मान हलवून होय किंवा नाही सांगे.

त्याच्या मनाला दुसरेही एक दुःख पोखरीत होते. इंग्लिश लीगच्या मुख्य मंडळींना युरोपातील स्पर्धा नको होती. बझबीने हट्टाने संघ तेथे नेला. म्हणजे ही पोरे आपणच त्या विमानात बसविली, असे त्याला वाटे. फुटबॉलचे पुन्हा नाव घ्यावयाचे नाही, असेही त्याने ठरविले होते. गेलेल्या मुलांना हे आवडले नसते, असे जीनने त्याला सांगितले आणि त्याने निश्चय बदलला.

मर्फी त्या विमानात नव्हता. वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा सामना असल्याने तो कार्डिफला राहिला होता. आजारी बझबीने, आपण परत येईतो निशाण खाली पडू देऊ नकोस, असे त्याला सांगितले. अपघातानंतर तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीस, शेफील्ड वेन्स्डेशी एफ. ए. चषकाचा सामना होता. सामन्याच्या छापील पत्रकात पाहुण्यांची नावे होती; यजमानांच्या बाजूस अकरा रिकाम्या जागा. कोण खेळणार हे छापण्याच्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. एक गडी तर सामन्यापूर्वी सुमारे तासभर अगोदर करारावर सही करून मैदानात उतरला. जवळजवळ साठ हजार लोक जमले होते. युनायटेड तीन गोलांनी जिंकला. त्यांतले दोन शे ब्रेनन ह्या, पहिलाच सामना खेळणाऱ्या वीस वर्षांच्या पोराचे. ह्याच जोरावर संघ मे महिन्यात वेंब्लीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तेथे बोल्टनकडून हरला. काठी टेकीत बझबी पाहावयास आला होता.

भावनेच्या भरात एक हंगाम जातो. रडणाऱ्या माणसास गर्दी साथ देते, ह्यात नवल नाही. आम्हाला नवल वाटते ते पुढच्या पाच वर्षांचे.

त्या हंगामात अपघातानंतरच्या लीगच्या चौदा सामन्यांपैकी युनायटेडने एकच जिंकला. १९५९ साली मात्र संघ दुसरा आला आणि लोकांस वाटले, झाले, घडी बसली. ती बसली नव्हती. पुढे दोन वर्षे सातवा. १९६२ साली पंधरावा. १९६३ साली बावीस संघांत एकोणिसावा. बझबीने गडी विकत घेतले. १९५८ च्या सप्टेंबरात क्विक्सॉल ह्याच्यासाठी पंचेचाळीस हजार पौंड मोजले. तेवढी रक्कम ब्रिटनमध्ये तोवर कोणी मोजली नव्हती. अपेक्षेइतके फळ मिळाले नाही. इटलीतून डेनिस लॉ ह्यास १९६२ साली एक लक्ष पंधरा हजारांस आणले. तो गोल करी आणि संघ तरी हरे. मैदानावर कुरकुर होतीच. वर्तमानपत्रेही गप्प नव्हती. गर्दी पूर्वीच्या मानाने ओसरली, हेही खरे. मँचेस्टरचे लोक देवदूत होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु बझबीला काढा, ही हाकाटी त्या गावाने उठविली नाही. शनिवारी यावे, पावसात भिजावे, शिव्या द्याव्यात, घरी जावे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यावे, अशी त्यांची तऱ्हा होती.

१९६३ चा हिवाळा तर असा कडक, की नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून फेब्रुवारीच्या २३ तारखेपर्यंत युनायटेडला लीगचा एकही सामना खेळता आला नाही. बर्फ वितळल्यावर तुंबलेले सामने एकावर एक येऊन आदळले. मे महिन्यात, खालच्या श्रेणीत घसरण्याच्या कडेवर असताना, सामना पडला तो मँचेस्टर सिटीशी आणि सिटीच्याच मैदानावर. दोघांपैकी एक बुडणार हे दिसत होते. सिटी एका गोलाने पुढे होती. लॉ पाडला गेला, पेनल्टी मिळाली, आणि ज्याच्यावर पैसे वाया गेले म्हणत त्या क्विक्सॉलनेच ती साधली. बरोबरी झाली. युनायटेड तरला, सिटी खाली गेली. दहा दिवसांनी हाच एकोणिसावा संघ वेंब्लीत लीगमध्ये चौथ्या आलेल्या लेस्टरला तीन विरुद्ध एक असे हरवून एफ. ए. चषक घेऊन आला!

पुढचे थोडक्यात. १९६५ व १९६७ साली लीग. आणि १९६८ च्या २९ मे रोजी लिस्बनच्या बेन्फिकास जादा वेळेत चार विरुद्ध एक असे हरवून युरोपीय चषक. इंग्लंडातील संघाने तो प्रथमच जिंकला. त्या अकरांत म्युनिकहून जिवंत परतलेले दोघे होते, बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स. राणीने बझबीस त्याच वर्षी सर ही पदवी दिली, आणि सहावे पोप पॉल ह्यांनी १९७२ साली संत ग्रेगरीच्या सरदारमंडळात त्यास स्थान दिले.

हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी त्या चार गृहस्थांपैकी एकाने वाचला. तो म्हणाला, "फादर, बझबीला पाच वर्षे मिळाली ती त्याने आधी जिंकून दाखविले होते म्हणून. आमच्या माणसाने काय दाखविले आहे?" आक्षेपात तथ्य आहे. गावाचे त्याच्याशी ऋणही होते आणि सुतकही. परंतु १९४५ साली त्याच्या गाठीशी काय होते? तेव्हाची पाच वर्षे उधारीवरच मिळालेली होती.

शिवाय ह्या इतिहासाची एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. म्युनिकला बेरी आणि ब्लँचफ्लॉवर हे दोन गडी इतके जखमी झाले, की त्यांचा खेळ कायमचा संपला. त्यांना पुढे क्लबच्या मालकीची घरे सोडावी लागली. ज्याच्याकडून पुढे गोलाची आशा आहे त्याच्यासाठी थांबणे सोपे असते. आणि १९६९ साली बझबी बाजूस झाल्यावर काय घडले? त्याच्या जागी आलेल्या मॅकगिनेस ह्यास दीड वर्षात दूर केले. त्याच्यानंतरच्या ओफॅरेल ह्यासही दीडच वर्षात. त्या वेळी बझबी स्वतः संचालकांत बसत होता. स्वतःस मिळालेली मुदत दुसऱ्यास देणे त्याच्याच्याने झाले नाही, की इतरांनी होऊ दिले नाही, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. १९७४ साली संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला. मैदान मात्र तेव्हाही भरत राहिले.

१९८६ च्या नोव्हेंबरात ॲलेक्स फर्ग्युसन आला. तीन वर्षे झाली तरी हाती काही नाही. १९८९ च्या डिसेंबरात प्रेक्षकांतून त्याला निरोप देणारा फलक उंचावला गेला. संचालकांनी त्यास काढले नाही. त्या मंडळात एक खुर्ची बॉबी चार्लटनची होती, आणि त्याने फर्ग्युसनची पाठ राखली. पुढच्याच मे महिन्यात एफ. ए. चषक आला, १९९३ साली, सव्वीस वर्षांनी, लीगही आली. वृद्ध बझबीने ती डोळ्यांनी पाहिली.

१९९४ च्या २० जानेवारीस तो वारला. दोन दिवसांनी मैदानावर एव्हर्टनशी सामना होता. स्कॉटिश बॅगपाइप वाजविणारा एकच वादक पुढे चालत होता आणि त्याच्या मागून दोन्ही संघ मैदानात उतरले. संचालकांच्या सज्जात बझबीची नेहमीची खुर्ची रिकामी ठेवली होती. खचाखच भरलेल्या त्या मैदानावर एक मिनिट कोणी बोलले नाही. पाहुणे आलेले एव्हर्टनचे लोकही नाहीत. मग पंचाची शिट्टी झाली आणि खेळ सुरू झाला. युनायटेड एका गोलाने जिंकला.