तरवड, मोट आणि विहीर

सोलापूरच्या माळरानावर पावसाळ्याच्या अखेरीस जी पिवळी फुले नजरेत भरतात, ती बहुधा तरवडाची. हे झुडूप गुरे सहसा तोंडात घेत नाहीत. म्हणूनच चराईने उजाड झालेल्या मुरमाड जमिनीवरही ते तग धरते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र फुलांपेक्षा सालीकडे पाहावे.

या सालीत टॅनिन भरपूर असते. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे सालीच्या पाण्यात मुरले की त्याचे कुजणे थांबते आणि चामडे तयार होते. हे काम ढोर समाजाचे. कातडे पिशवीसारखे शिवायचे, आत कुटलेली साल आणि पाणी भरायचे, पिशवी टांगायची आणि झिरपलेले पाणी पुन्हा वरून ओतायचे. बाभळीची साल आणि हिरडा हेही त्यांचे नेहमीचे साहित्य. (बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये गणले गेलेले कक्कय्या याच व्यवसायातले.)

चामड्याची गरज सर्वाधिक होती ती शेतीला. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात बागाईत म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे मोट. बैल नाडा ओढीत, मोट वर येई आणि सोंडेतून थारोळ्यात पाणी पडे. कातडे कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा वळणारा मांग. या तिघांच्या हातची वस्तू विहिरीत दिवसभर बुडत असे, तिचे पाणी साऱ्या गावाला चाले. त्यांनी स्वतः मात्र बहुतेक गावांत त्याच विहिरीला शिवायचे नव्हते. विटाळाचा नियम मोटेला लागू नव्हता, माणसाला होता.

पुढे १९२७च्या वन कायद्याने साल आणि हिरडा हे दोन्ही ‘वनउपज’ ठरवले. मद्रास इलाख्यातील चर्मोद्योग एके काळी तरवडावर उभा होता. तेथे मूळ ऑस्ट्रेलियातील, पण दक्षिण आफ्रिकेत लागवड झालेल्या वॅटलची साल आली, पाठोपाठ क्रोमची प्रक्रिया आली. विहिरींवर इंजिने बसली आणि मोटाही गेल्या. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे आजही कोल्हापुरी चपलेत दिसते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या क्षेत्रात सोलापूर जिल्हाही आहे.

फुलांचे नशीब निराळे. तेलंगणातून सोलापुरात आलेले पद्मशाली विणकर तरवडाला ‘तंगेडू’ म्हणतात. नवरात्राच्या सुमारास त्यांच्या स्त्रिया बतुकम्मा रचतात, तेव्हा हीच पिवळी फुले त्यात मानाने बसतात.